एका गिल्डरला गेलेला साखर कारखाना

हे जे गंजलेलं लोखंड दिसतंय, पत्रे उडालेलं छप्पर, दातेरी चाकांच्या मधून वर आलेली झाडं, हा एकेकाळचा साखर कारखाना. देश सुरिनाम, नकाशावर दक्षिण अमेरिकेत पण इतिहासाने पक्का कॅरिबियन. कॉमेवेइने नदीजवळचा हा मळा, नाव मारियेनबुर्ख. आज आपल्याला याचा सातबारा काढायचाय, कारण मालक कसे बदलले ते बघितलं की इथं राबणाऱ्यांचं काय झालं तेही आपोआप समोर येतं.

सुरुवात 1745 ची. मारिया दे ला जाय नावाच्या बाईंनी मळा उभा केला, आधी ऊस, मग कॉफी, आणि राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. सुरिनाम तेव्हा डचांची, म्हणजे नेदरलँड्सची वसाहत. 1 जुलै 1863 ला डच सरकारने गुलामगिरी बंद केली. नुकसानभरपाई दिली पण ती मालकांना, सुरिनाममध्ये एका माणसामागे 300 गिल्डर, गिल्डर म्हणजे तेव्हाचं डच चलन. सुटलेल्या माणसाच्या हातात काहीच नाही, उलट सरकारी देखरेखीखाली अजून दहा वर्षं मळ्यावर काम करायची सक्ती! ती दहा वर्षं संपली 1873 ला, आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून लल्ला रूख हे जहाज पाच वर्षांच्या करारावर आणलेले मजूर घेऊन सुरिनामला लागलं. 1916 पर्यंत असे जवळपास 34 हजार लोक आले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडचे, भोजपुरी-अवधी बोलणारे.

आता मालक कोण, तर नेदरलँड्सची मोठी ट्रेडिंग कंपनी, एनएचएम, डच राजाने 1824 मध्ये काढलेली. हिने 1882 ला इथं नवा कारखाना चालू केला, उसासाठी रेल्वेलाइन टाकली, सुरिनाममधली पहिली, आणि 1890 मध्ये जावा बेटावरून 94 मजूर आणून बघितले, पुढे तिकडूनही हजारो आले.

इथं जरा थांबूया. जुलै 1902. ऊसतोडीच्या मजुरीवरून मजूर चिडलेले, आणि मॅनेजर जेम्स मेव्हर, स्कॉटिश माणूस, बायकांना त्रास देतो म्हणून आधीच राग खदखदत होता. 29 जुलैला जमावाने त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी मजुरांवर गोळ्या झाडल्या, एकूण 24 जण गेले. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत, अंत्यसंस्कार नाही, काही नाही, सगळे एकाच खड्ड्यात टाकून वर कळीचा चुना ओतला. पुढे अनेक दशकं तो खड्डा नेमका कुठे हेसुद्धा कुणाला सांगता येत नव्हतं, आणि मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात जास्त हेच लागतं, की जमिनीचा प्रत्येक मालक कागदावर नीट सापडतो आणि त्याच जमिनीत पुरलेली माणसं सापडत नाहीत. त्यांचं स्मारक झालं ते थेट 2006 मध्ये.

कंपनीचं मात्र पुढेही चालूच राहिलं. 1964 मध्ये एनएचएम एका बँकेत विलीन झाली, तीच पुढे एबीएन आम्रो बँक, आणि त्याच वर्षी मारियेनबुर्ख ॲमस्टरडॅमच्या एका रबर कंपनीला विकून टाकलं. त्या कंपनीने दहा वर्षांत हात वर केले. 1974 मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या जेमतेम एक वर्ष आधी, सुरिनाम सरकारने अख्खा मळा, कारखाना, मशिनरी सगळं घेतलं, किंमत 1 गिल्डर. ज्या देशात एका गुलामामागे 300 गिल्डर मोजले होते तिथं हे सगळं एका गिल्डरला, कारण कमवायचं ते कमवून झालं होतं, उरलेली जुनी मशिनरी आणि कामगारांचे पगार आता सरकारच्या गळ्यात. 1986 ला गाळप बंद पडलं ते कायमचं.

मजुरांची पुढची पिढी अजून इथंच आजूबाजूला राहते, जावानीज आणि हिंदुस्थानी दोन्ही. कारखाना बघायला येणाऱ्यांना बॉयलर कुठे होता, रस कुठून कुठे जायचा, हे इथं काम केलेल्या जुन्या माणसांनीच फिरवून दाखवलंय.