आठवी गाठ

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी, जांभळ्या-गुलाबी पेशी.)

स्तनातल्या गाठीचा हा पातळ काप. हा कॅन्सर घराण्यातून आला, की या बाईच्याच एखाद्या पेशीत कधीतरी सुरू झाला? काप बघून कळेल?

शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणींचा स्तनाचा कॅन्सर आनुवंशिक असतो. १९९० साली जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी त्याचा माग सतराव्या गुणसूत्रापर्यंत नेला. १९९४ मध्ये तिथलं बीआरसीए-१ हे जनुक हाती लागलं, पुढच्या वर्षी तेराव्यावरचं बीआरसीए-२. तुटलेला डीएनए सांधणं, हे दोघांचं काम.

मग २००१ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी खूण गाठीतच शोधली. बीआरसीए-१ मधला दोष वारशाने आलेल्या सात जणी, बीआरसीए-२ च्या सात आणि वारसा नसलेल्या सात. पाच हजारांवर जनुकांपैकी गाठीत कोणती जागी, कोणती झोपलेली, हे त्यांनी मोजलं. बीआरसीए-१ च्या सातही गाठी बरोबर ओळखल्या गेल्या. पण त्यांच्यात आठवी एक येऊन बसली, वारसा नसलेल्या गटातली!

मोजणी चुकली म्हणून ती गाठ बाजूला टाकता आली असती. त्यांनी ती उघडून पाहिली. बीआरसीए-१ च्या तोंडाशीच मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले. जनुकाला जणू कुलूप घातलेलं.

गाठीतून कळतं ते इतकंच: काय बंद पडलं. ते आईबापांकडून आलं का, हे त्यातून कळेलच असं नाही. बीआरसीए-१ च्या बहुतेक गाठी ट्रिपल निगेटिव्ह असतात, म्हणजे रिपोर्टवर ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही) आणि हर-टू (पेशीच्या वाढीचा ग्राही) तिन्ही नकारार्थी. उलट मात्र खरं नाही. ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या बहुतेक जणींत हा वारसा सापडत नाही. बीआरसीए-२ तर आणखी फसवं. त्याच्या बहुतेक गाठी ईआर पॉझिटिव्ह, चारचौघींसारख्याच.

(पडद्यावर: दंडाला बांधलेला पट्टा, भरत जाणारी नळी.)

म्हणून शेवटी रक्त घ्यावं लागतं. वारशाने आलेला दोष अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, रक्तातल्याही. गाठीपुरता झालेला बिघाड गाठीतच राहतो.

तपासणीआधी घरची माहिती विचारतात. आई, मावशी, आजी पटकन आठवतात. आत्या राहून जाते. हा दोष वडिलांकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता तितकीच: निम्मी.