‘आढळले नाही’ म्हणजे किती?

(बडोद्यात दांडिया बाजारात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बाळाच्या खाऊच्या डब्याचा तपासणी अहवाल हातात आला की आपण शेवटचा रकाना आधी बघतो. ‘शिसे : आढळले नाही’ असं दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण त्याच ओळीत ‘एलओक्यू’ नावाचा आणखी एक आकडा असतो, तो वाचल्याशिवाय अहवाल मिटू नका. प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकते अशी सर्वांत कमी मात्रा, म्हणजे एलओक्यू. त्याच्या खाली जे काही असेल ते बहुतेक अहवालांत ‘आढळले नाही’ याच शब्दांखाली जातं.

हिशेब करून बघू. एक पीपीबी म्हणजे एका किलोत एक मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये बाळांच्या कोरड्या सिरियलसाठी शिशाची पातळी २० पीपीबी ठरवली. फळं, दही आणि बहुतेक भाज्यांच्या तयार खाऊसाठी १० पीपीबी. आता समजा, तुमच्या प्रयोगशाळेचा एलओक्यू ५० आहे आणि डब्यात प्रत्यक्षात ४८ पीपीबी शिसं आहे. अहवाल येईल, ‘आढळले नाही’. बाळाने दोन वेळा मिळून ५० ग्रॅम सिरियल खाल्लं तर त्याच्या पोटात २.४ मायक्रोग्रॅम शिसं गेलं. त्याच प्रशासनाने मुलांसाठी अन्नातून जाणाऱ्या शिशाचा दिवसाचा संदर्भ आकडा २.२ धरला आहे. म्हणजे बाकी काही खाण्याआधीच तो ओलांडला. आणि २.२ च्या आत आलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. शिशाची सुरक्षित पातळी कुणालाच सापडलेली नाही. लहान मुलांच्या आतड्यातून ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि लोह कमी असलेल्या बाळात आणखीच.

इतकं थोडं मोजणं अवघड का, हे प्रयोगशाळेच्या टेबलापाशी कळतं. अर्धा ग्रॅम पीठ टेफ्लॉनच्या भांड्यात घेतात, त्यावर पाच-सहा मिली अतिशुद्ध नायट्रिक आम्ल आणि एक-दोन मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. खाऊत साखर किंवा स्निग्धांश जास्त असेल तर झाकण लावण्याआधी भांडं थोडा वेळ तसंच ठेवायचं, नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये दाब एकदम चढतो. पंधरा-वीस मिनिटांत तापमान २०० अंशांपर्यंत न्यायचं, तेवढाच वेळ तिथे धरायचं आणि पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. घाईने उघडलं तर वाफेबरोबर पारा निसटतो, नमुनाही उडतो. मग ते पाणी घालून ५० मिली करतात. म्हणजे अर्ध्या ग्रॅमचं द्रावण शंभरपट पातळ झालं. खाऊतले १० पीपीबी आता ०.१ उरले, एक हजार कोटी भागांत एक भाग. अणू त्यांच्या वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्राला एवढं दिसतं, पण त्याला खोलीतली धूळही दिसते. रंगीत पिपेट टिप, काचेचं भांडं, हातमोज्याची पावडर, सगळं त्यात उतरतं. म्हणून भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवतात आणि प्रत्येक फेरीत एका भांड्यात खाऊ न घालता बाकी सगळं तसंच करतात. त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. ब्लँकमध्येच शिसं निघालं तर त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द धरायला हवेत. दुसऱ्या भांड्यात मोजून शिसं मिसळतात. त्यातलं साधारण ८० ते १२० टक्के परत मिळालं तर पद्धत नीट चालली. प्रयोगशाळेला ब्लँक आणि रिकव्हरीचे आकडे जरूर मागा. चांगली प्रयोगशाळा ते आनंदाने दाखवते.

आर्सेनिकची गोष्ट वेगळी. त्याचं वस्तुमान ७५. यंत्रात नमुना ज्या अतितप्त वायूत, म्हणजे प्लाझ्मात, जातो तो आर्गॉनचा असतो, आणि नमुन्यात क्लोरीन असेल तर आर्गॉन व क्लोरीन जोडीने ७५ वरच येऊन बसतात. मीठ असलेला खाऊ मग आर्सेनिकचा वाटतो. यंत्रात हेलियमची कोलिजन सेल, म्हणजे कणांना हेलियमवर आपटायला लावणारा कप्पा, चालू असेल तर ही जोडी मागे पडते. दुसरा प्रश्न प्रकाराचा. घातक असतं ते मुख्यतः अजैविक, म्हणजे कार्बनशी न जोडलेलं आर्सेनिक. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं १५६८बी नावाचं प्रमाणित तांदळाचं पीठ आहे. त्यात एकूण आर्सेनिक किलोला ०.२८५ मिलिग्रॅम, पण अजैविक फक्त ०.०९२. बाळांच्या तांदळाच्या सिरियलसाठी अमेरिकेत १०० पीपीबी ही पातळी अजैविक आर्सेनिकसाठी आहे. अहवालात नुसतं ‘आर्सेनिक’ लिहिलं असेल तर ते कोणतं, हे विचारल्याशिवाय घाबरूही नका, निश्चिंतही होऊ नका.

एकाच डब्यातून सगळं तपासायचं असेल तर पंचाईत होते. धातूंसाठी प्लास्टिकची भांडी हवीत, कारण काचेतून शिसं उतरू शकतं. थॅलेटसाठी, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांसाठी, काच हवी, कारण ते मुळात प्लास्टिकमधूनच येतात. म्हणून डबा उघडण्याआधीच ठरवावं लागतं, कोणता भाग कशात काढायचा. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला आणखी एक खोड आहे: बुरशी काही दाण्यांतच असते, त्यामुळे वरचा एक चमचा घेऊन भागत नाही, पूर्ण डबा एकजीव करूनच वजन करायचं. आणि तपासणी विचाराल तेवढंच सांगते. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन घातलं गेलं, सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. प्रथिनं मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो. पावडर पास होत राहिली.

बडोद्यात करायचं काय? एकाच बॅचचे तीन सीलबंद डबे घ्या, बिल आणि बॅच नंबराचा फोटो ठेवा, एक डबा न उघडता बाजूला ठेवा. घरी उघडून चमच्याने पुडीत काढून नेऊ नका. खासगी प्रयोगशाळेच्या कागदावर एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, शिक्का असणं पुरेसं नाही. मान्यता वस्तू आणि घटकानुसार मिळते, तेव्हा मान्यतेच्या यादीत, म्हणजे ‘स्कोप’मध्ये, बाळांचा आहार आणि शिसं दोन्ही आहेत का ते बघा. सरकारी मार्गही आहे. राज्याची फूड अँड ड्रग्ज लॅबोरेटरी आपल्याच शहरात आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० खाली ग्राहक फी भरून फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासणी करून घेऊ शकतो, मात्र खरेदी करतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. नमुना नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते.

घरचं ते सगळं निर्धोक, असं समजून मात्र डब्यांवर राग काढू नका. गुटीसाठी उगाळायचं हळकुंड पिवळंधमक, गुळगुळीत पॉलिश केलेलं असेल तर ते नको. ती चमक लेड क्रोमेटची, म्हणजे शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची, असू शकते. तांदूळ सहा ते दहापट पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलं तर अजैविक आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होतं. ते जातं त्या पाण्यात, आणि तेच पाणी आपण पेज म्हणून वाटीत घेतो. पेज बंद करा असं मी म्हणणार नाही. पण रोज तिन्ही वेळा तांदूळच नको: एक दिवस मुगाच्या डाळीचं खिमट, एक दिवस नाचणीचं सत्त्व, एक दिवस ज्वारी.