उजनीला वळसा : सोलापूर ते सोलापूर, एका दिवसात

(दृश्य : भीमानगर, धरणाची भिंत, उजाडताना)

ही उजनी. भीमा नदीवरचं, 1980 साली पूर्ण झालेलं, 41 दरवाजांचं धरण. मागे पसरलाय त्याचा जलाशय, यशवंतसागर. एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं पाणी. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी दरवर्षी ऐकू येते. सोलापूरच्या नळाला येणारं पाणीही इथलंच. या जलाशयाला सायकलने पूर्ण वळसा घालून त्याच दिवशी घरी परतायचं, तर सुमारे 320 किलोमीटर होतात.

वाटेत घाट एकही नाही, आणि कस लागतो तो त्यामुळेच. घाटाला उतार असतो, तिथे पाय सुटतात, पाठ सरळ होते. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत पायडल थांबत नाही. तासन्‌तास एकाच जागी दाब पडल्याने तळहात आणि बोटं बधिर होतात. म्हणून दर दहा मिनिटांनी हँडलवरची पकड बदलायची आणि दर अर्ध्या तासाला सीटवरून उठून थोडं अंतर उभ्याने मारायचं.

(दृश्य : टेबलावर पसरलेला नकाशा, शेजारी मोबाइल)

आखणीची सुरुवात पाण्यापासून करायची. पाणी दोनदा ओलांडावं लागतं. पहिल्यांदा भीमानगरला, महामार्गाच्या पुलावरून. तिथे अडचण नाही. दुसऱ्यांदा वर, भिगवणच्या पुढे डिकसळला, जिथून रस्ता करमाळा तालुक्यात उतरतो. डिकसळचा जुना दगडी पूल ब्रिटिशांच्या काळातला. त्याच्या भरवशावर वेळापत्रक बांधू नये. वाहतूक चालू आहे का, सायकल सोडतात का, हे आदल्या दिवशी भिगवणला कुणाला तरी फोन करून विचारायचं. बंद असेल तर भिगवणहूनच माघारी फिरायचं. त्याच रस्त्याने परत आलं तरी 300 च्या आसपास भरतात.

नावेतून पलीकडे जायचा विचार आखणीत आणूच नये. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर उपग्रहाचं चित्र मोठं होत जातं)

ही बारीक रेघ बघा. अ‍ॅप हिला रस्ता समजतं. उपग्रहाच्या चित्रात तीच रेघ गाळपेराच्या शेतात, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवरच्या पिकात, शिरते आणि पुढे पाण्यात संपते. धरण ऑक्टोबरमध्ये भरलेलं असतं, मे महिन्यात आटलेलं, त्यामुळे काठालगतचा प्रत्येक तुकडा दोन्ही वेळच्या चित्रांत तपासायचा. दोन्हींत कोरडा दिसला तरच घ्यायचा. अ‍ॅपने सुचवलेला ‘जवळचा रस्ता’ आम्ही डोळे झाकून कुणालाही सांगणार नाही.

(दृश्य : पळसदेव, पाण्याबाहेर आलेलं मंदिराचं शिखर)

पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर. पाणी उतरलं की दिसतं. गावं उठली, माणसं वर सरकली.

(दृश्य : अंधारात चौपदरी रस्ता, लाल दिव्यांची रांग)

आता वेळ. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. तिच्या नियमाने 300 किलोमीटरला 20 तास मिळतात. तोच हिशेब धरायचा. अंधार चौपदरीवर काढायचा आणि उजेड आडरस्त्याला ठेवायचा. पहाटे 3 वाजता सोलापूर सोडलं, की मोहोळ आणि टेंभुर्णी अंधारात मागे पडतात. भीमानगरला उजाडतं. इंदापूरवरून भिगवण साडेदहाच्या सुमारास, म्हणजे जवळपास 150 किलोमीटर. पुढे जिंती, पारेवाडी, जेऊर, केम, कुर्डुवाडी हा सुमारे 90 किलोमीटरचा टप्पा दिवसाउजेडीच संपवायचा. इथे वेग ताशी 18 च्या वर धरू नये. डांबर उखडलेलं असतं, आणि गावाच्या तोंडावरच्या गतिरोधकांना पांढरे पट्टे नसतात.

(दृश्य : उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागून)

हंगामात हे दृश्य दर पाच मिनिटांनी. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. ओव्हरटेक करायचा तर समोरचा रस्ता लांबवर मोकळा हवा. पडलेल्या उसाच्या कांडीवरून पुढचं चाक गेलं तर घसरतं. दिवाळीनंतर थंडी चांगली, पण रस्ता उसाचा. शिवाय हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. जाताना तो पाठीवर असतो, अंगात बळ आल्यासारखं वाटतं, वेग 27-28 वर जातो. तो तिथेच 22-23 वर आवरायचा, कारण भिगवणनंतर तोच वारा छातीवर घ्यायचा आहे. आषाढीच्या दिवसांत इंदापूरकडचे रस्ते वारकऱ्यांचे. तेव्हा ही फेरी ठेवू नये.

(दृश्य : जवळून, टायर, बोटं, चिमटा)

हे सगळ्यात महत्त्वाचं. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात. त्यांतली केसाएवढी बारीक तार सायकलच्या टायरमध्ये रुतते. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर, कारण तार टायरमध्येच राहिलेली असते. आधी टायरवर व्हॉल्व्हसमोर खूण करायची, ट्यूबमधलं भोक शोधायचं आणि ट्यूब टायरशेजारी धरून नेमकी जागा पकडायची. मग आतून कापूस फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे तार. ती बाहेरून चिमट्याने ओढायची. बोट फिरवलं तर बोटात घुसते. आडरस्त्यावर सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे, त्यांनाही हीच रीत. टायर 28 किंवा 32 मिलिमीटरचे घ्या. 70 किलोच्या माणसाला 28 मध्ये साधारण 75 पीएसआय हवेचा दाब, 32 मध्ये 60 पुरतो. सोबत तीन ट्यूब, पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप आणि चेनची एक जादा कडी. जेऊरपर्यंत गिअरच्या सायकलचं सामान मिळेल असं धरून चालू नका.

(दृश्य : जेऊरजवळची टपरी, बाटल्या भरताना)

तासाला 500 ते 750 मिलिलिटर पाणी, ऊन चढल्यावर त्याहून जास्त. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं तर पोट बिघडतं. भिगवण ते जेऊर दोन्ही बाटल्या भरलेल्या हव्यात, वाटेतली टपरी दुपारी बंद असू शकते. खाणं तासाला दोन केळ्यांएवढं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खिशात टिकते, पण कोरडी आहे, पाण्यासोबतच खायची. भिगवणची मासळी प्रसिद्ध आहे, तरी झणझणीत रस्सा खाऊन पुढचे 170 किलोमीटर निघत नाहीत. ती दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

(दृश्य : कुर्डुवाडी जंक्शन, संध्याकाळ)

या फेरीचा मोठा आधार म्हणजे रेल्वे. भिगवणपासून मोहोळपर्यंत लोहमार्ग कधी जवळ, कधी थोडा लांब, पण सोबत असतो. जेऊर, केम, कुर्डुवाडी, माढा. लहान स्टेशनांवर मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून वेळा आधी लिहून घ्यायच्या, आणि चाकं काढून सायकल पिशवीत बसते का, ते घरीच करून बघायचं.

कुर्डुवाडी संध्याकाळी 5 पर्यंत आली नाही, तर हिशेब पुन्हा मांडायचा, पुढे जायचं की रेल्वे धरायची. इथून माढा, शेटफळ, मोहोळ, सोलापूर असे 80 ते 85 किलोमीटर उरतात. मागे दोन लाल दिवे, अंगात चमकणारं जॅकेट, आणि पुढच्या दिव्याला दुसरी चार्ज केलेली बॅटरी. पहिली पहाटेच खर्च झालेली असते.