देकार्त आणि त्याची शंका

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय माझ्या अगदी लाडक्या तत्त्वज्ञाबद्दल, रने देकार्त, जन्म 1596 चा, फ्रान्समधला, पण राहिला जास्त हॉलंडमध्ये. "मी विचार करतो म्हणून मी आहे" हे त्याचं वाक्य सगळ्यांना माहितीये, पण तो तिथपर्यंत पोचला कसा हे फारसं कुणी सांगत नाही, आणि माझा जीव अडकलाय तो त्यातच.

1641 ला त्याचं 'मेडिटेशन्स' आलं, लॅटिनमध्ये. त्यात तो म्हणतो, मी शेकोटीपाशी बसलोय, अंगात हिवाळ्यातला झगा आहे, हातात हा कागद आहे, आता यात कसली शंका घ्यायची? आणि लगेच म्हणतो, पण हे सगळं मला स्वप्नातही असंच दिसलंय की, अंथरुणात पडलेलो असताना! बरं, स्वप्नातही 2 आणि 3 पाचच होतात ना, तर तेही तो सोडत नाही, समजा एखादा ताकदवान कपटी सैतान मला बेरजेतसुद्धा फसवत असेल तर?

लोकांना वाटतं हा नुसता कीस काढतोय. तसं नाहीये हो. टोपलीत सडकी सफरचंदं असतील तर आधी सगळी टोपली रिकामी करायची आणि एकेक बघून चांगली तेवढीच परत भरायची, हे उदाहरण त्याचं स्वतःचंच आहे. सगळं काढून झाल्यावर उरतं काय, तर सैतान फसवतोय म्हटलं तरी फसायला कुणीतरी मी लागतोच. मला हे आजही जबरदस्त वाटतं. पुढे तो देवाच्या आधाराने जग परत मिळवतो, ते मात्र मला पटत नाही.

आणि 1643 ला बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, वय 24, निर्वासित म्हणून हेगला राहणारी, तिने पत्रातून नेमकं बोट ठेवलं. देकार्त मन आणि शरीर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी मानायचा, तर तिचा प्रश्न असा की मनाला ना आकार ना वजन, मग ते शरीराला हलवतं कसं? देकार्तने आधी एक उत्तर दिलं, ते तिला पुरलं नाही, तेव्हा त्याने लिहिलं की हे कोडं चिंतनाने कळायचं नाही, रोजच्या जगण्यातून, इंद्रियांनीच कळतं. बघा, ज्या इंद्रियांवर त्याने पहिली शंका घेतली तीच! तरी एलिझाबेथ हटली नाही, तिने उलट कळवलं, मन शरीराला हलवतं हे इंद्रियं मलाही दाखवतात, पण कसं हलवतं ते सांगत नाहीत.