पंचाच्या प्रमाणपत्रावर तारीख हवी

नमस्कार. समोर पालक आहेत, क्लासमधली मुलं आहेत, मागच्या रांगेत दोन-तीन जुने पैलवानही दिसतायत. त्यामुळे ज्युदो म्हणजे काय, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. पत्रिकेत विषय छापलाय 'ज्युदो पंचांचे नियम आणि परीक्षा'. मला त्यातलं एकच मांडायचंय. दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख पंचाच्या प्रमाणपत्रावरही असली पाहिजे. (हशा) हसा, हसा, पण मी हे अगदी मनापासून म्हणतोय. का म्हणतोय, ते आधी सांगतो.

जुलै २०१८. उपनगरातल्या एका शाळेचा हॉल. बाहेर धो धो पाऊस, लोकलचा खोळंबा, निम्मी मुलं उशिरा पोचलेली, मॅटच्या कडेला ओल्या छत्र्यांचा ढीग. माझ्याकडे शिकणारी १३ वर्षांची मुलगी उपांत्य फेरीत उतरली. पहिल्याच मिनिटाला तिनं ओ-सोतो-गारी, म्हणजे पायामागे पाय घालून पाडायचा डाव, मारला. वाझारी. थोड्या वेळानं सेओई-नागे, म्हणजे खांद्यावरून फेक, पुन्हा वाझारी. वाझारी म्हणजे अर्धा विजय; दोन वाझारी म्हणजे इप्पॉन, म्हणजे आपल्या भाषेत कुस्ती निकाली. तिनं पकड सोडली, कारण तिच्या हिशेबानं सामना संपला होता. मी टाळ्या वाजवत उभा राहिलो. पंच 'माते', म्हणजे थांबा, म्हणाले, दोघींना जागेवर बोलावलं आणि पुन्हा 'हाजिमे', म्हणजे सुरू करा, म्हणाले! पोरगी माझ्याकडे बघतेय, मी टेबलाकडे बघतोय, आणि तेवढ्यात समोरच्या मुलीनं तिला स्वच्छ पाठीवर टाकलं. इप्पॉन. खेळ खलास.

मी टेबलाशी गेलो. पंच शांतपणे म्हणाले, "सर, दोन वाझारींची बेरीज होत नाही. आम्हाला सेमिनारला तसंच शिकवलंय." आणि मंडळी, ते खोटं बोलत नव्हते. २०१७ साली आंतरराष्ट्रीय महासंघानं ती बेरीज खरोखरच बंद केली होती. २०१८ च्या सुरुवातीला ती परत आणली. त्या पंचांचं ज्ञान बरोबर एक वर्ष जुनं होतं. माणूस सज्जन, रविवार मोडून, गुडघाभर पाण्यातून आलेला. त्यांच्यावर राग तरी कसा काढायचा? परतताना गाडीत पोरीनं मला विचारलं, "सर, माझं चुकलं कुठे?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता पाहा, गेल्या काही वर्षांत नियम किती वेळा हलले. 'कोका' हा सगळ्यांत छोटा गुण २००८ नंतर गेला. पैलवान मंडळींनो, तुम्ही पट काढता ना, त्याच्यावर ज्युदोत २०१० मध्ये बंधनं आली आणि २०१३ पासून कमरेखाली हात लावणंच बंद झालं. तेव्हा शिक्षा थेट बाद होण्याची होती, पुढे ती शिदोवर, म्हणजे ताकिदीवर, आली. २०१७ मध्ये 'युको', म्हणजे वाझारीहून छोटा गुण, गेला, पुरुषांचा सामना पाचाऐवजी चार मिनिटांचा झाला. २०२५ मध्ये युको परत आला. आज जमिनीवर पकडून ठेवलं तर ५ सेकंदांना युको, १० ला वाझारी, २० ला इप्पॉन. १९९५ साली परीक्षा पास झालेला पंच घरी फ्रेम लावून बसला असेल, तर त्याच्या डोक्यात अजून इप्पॉनला ३० सेकंदांचं घड्याळ निघायचं.

आणि चूक फक्त आपल्याकडेच होते असं समजू नका. सिडनी, २००० सालचं ऑलिंपिक, शंभर किलोवरच्या गटाचा अंतिम सामना. फ्रान्सचा दाविद दुये, जपानचा शिनोहारा. दुयेनं उचिमाता, म्हणजे मांडीच्या आतून पाय उचलून फेकायचा डाव, घातला, शिनोहारानं पाय अलगद काढून घेतला आणि त्याच वेगात त्याला फिरवला. दोघंही पडले. कोपऱ्यातल्या एका पंचाच्या मते शिनोहाराचा इप्पॉन. मॅटवरच्या मुख्य पंचानं आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या पंचानं दुयेला युको दिला. सुवर्ण फ्रान्सला गेलं. जपानचे प्रशिक्षक यामाशिता तावातावानं दाद मागत होते, पण पंच मॅटवरून उतरले की निकाल फिरत नसे. शिनोहारानं मात्र दोष पंचांना दिला नाही, स्वतःला दिला. मी तो सामना किती वेळा पाहिलाय, मोजलेलं नाही. नुसत्या डोळ्यांनी, एकदाच, त्या वेगात पाहून कुणालाही ठामपणे सांगता येणार नाही. म्हणूनच पुढे व्हिडिओ आला. लंडनला २०१२ मध्ये तर जपानचा एबिनुमा आणि कोरियाचा चो जुन-हो यांच्या सामन्यात विजेता ठरवताना तिन्ही पंचांनी आधी चोच्या बाजूनं निळे झेंडे दाखवले आणि वरून हस्तक्षेप झाल्यावर तिघांनीही एबिनुमाच्या बाजूनं पांढरे. त्यानंतर झेंडेच गेले, आणि मॅटवर एकच पंच राहिला, बाकीचे व्हिडिओसमोर बसले.

जाता जाता एक सांगतो, कारण ते मला फार आवडतं. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये २०२४ ला आपल्या कपिल परमारनं कांस्य जिंकलं, ज्युदोतलं भारताचं पहिलंच पॅरालिंपिक पदक. तिथं पूर्ण अंध खेळाडूंना पंच हाताला धरून मधोमध आणतात, आणि एकमेकांची पकड घेतल्यावरच 'हाजिमे' म्हणतात. पंचाचं काम म्हणजे काय, हे मुलांना समजावायचं असेल तर आधी ते दृश्य दाखवा.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी आलो ते आता पळत पळत.

परीक्षांची उतरंड तुम्हाला ठाऊक आहे. देशातल्या परीक्षा, मग खंडाचा 'ब' परवाना, मग आंतरराष्ट्रीय 'अ'. वर गेलात की नजर कडक. व्हिडिओ असतो, निरीक्षक असतात, दरवर्षी पंच आणि प्रशिक्षकांना एकत्र बसवून सेमिनार होतो. आणि शाळेच्या हॉलमध्ये, जिथं १३ वर्षांची मुलं खेळतात, तिथं एक माणूस, एक शिट्टीसुद्धा नाही, आणि त्याच्यावर कुणी नाही. सगळ्यांत जास्त तपासणी जिथं हवी तिथं मी ती कधी पाहिलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. जिल्ह्याच्या पातळीपासून परवाना एकाच वर्षाचा असावा, आणि मध्येच नियम बदलला तर त्या दिवशी संपावा. नूतनीकरणाला लेखी पेपर नको, वीस फेकींचे व्हिडिओ दाखवा आणि जागेवर हात करायला सांगा, इप्पॉनचा वर, वाझारीचा आडवा की युकोचा तिरका. वर्षात ठरावीक सामने मॅटवर उभं राहिल्याशिवाय नूतनीकरण नाही. प्रशिक्षकांनीही त्याच वर्गाला बसावं. मी त्या पावसात टेबलाशी गेलो तेव्हा माझ्या हातात नियमाचा कागद असता, तर निकाल कदाचित फिरला असता. आणि पंचांना गाडीभाडं आणि जेवण द्या हो. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी खेळणं सोडणाऱ्या मुली आपल्याकडे कितीतरी आहेत, त्यांना पंच होणार का, असं कुणी विचारतच नाही.

आमच्या क्लबच्या पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेपासून आम्ही हे सुरू करतोय. शनिवारी संध्याकाळी दीड तास व्हिडिओ, आणि जो शनिवारी बसणार नाही तो रविवारी मॅटवर उभा राहणार नाही. पाच जणांनी नावं दिलीत. मॅट दोन आहेत, अजून तिघं हवेत. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी मला खाली भेटा.