सीडीची नाजूक बाजू कोणती?

नमस्कार श्रोतेहो. जुनी सीडी घातली, ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि पडद्यावर काहीच आलं नाही, असं झालंय ना तुमचंही? मग ती बाहेर काढा आणि दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का? जिथे दिसतील तिथला चकाकणारा थर उडालेला आहे. बारीक ठिपका ड्राइव्ह सांभाळून घेतो. मोठा असेल, तर तिथलं काही परत मिळायचं नाही.

आपण जिवापाड जपतो ती खालची चकचकीत बाजू. पण सीडीची 1.2 मिलिमीटर जाडी म्हणजे जवळजवळ सगळं पारदर्शक प्लास्टिकच. माहिती असते त्याच्या वर, नावाच्या बाजूला, आणि तिच्यावर पांघरूण फक्त वार्निशसारख्या पातळ लेपाचं. त्यावर आपण बॉलपेन दाबून नाव लिहितो! डीव्हीडीचं बरं, तिथे थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो.

खालचा ओरखडा त्या मानाने परवडला. सीडीवर माहिती विखरून आणि दुरुस्तीच्या जादा आकड्यांसह लिहिलेली असते, त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून निघते. मधून कडेकडे गेलेला चरा लेझरला क्षणभरच आडवा येतो. गोलाकार चरा मात्र त्याच वाटेने लांबवर सोबत करतो. म्हणून पुसायचं ते मधून कडेकडे, मऊ कापडाने. टूथपेस्ट घासण्याची घाई नको, तो अगदी शेवटचा जुगार.

आता मुख्य काम. फाइली एकेक करून ओढू नका, आधी अख्ख्या सीडीची प्रतिमा काढा, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या माहितीची एकाच फाइलीत जशीच्या तशी नक्कल. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे वळतो. ही नोंदीची फाइल जपा. तीच घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर काम पुढे चालू करता येतं, आणि एका ड्राइव्हला न जमलेलं दुसरा अनेकदा बिनबोभाट वाचतो. का, ते त्याचं त्यालाच माहीत.

माझी एक सीडी अशीच तीन ड्राइव्हमधून फिरली. थोडे सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, शेवटपर्यंत हटून बसले. त्यातल्या एका फोटोची खालची पट्टी आता राखाडी आहे. चेहरे मात्र वरच्या भागात होते, ते सगळे आले.