तारपकऱ्याला पाठ दाखवू नये

नमस्कार श्रोतेहो.

आदिवासींच्या तारपा नाचाचा एक जुना दंडक आहे. नाचणाऱ्यानं तारपकऱ्याला पाठ दाखवायची नाही. तारपकरी मध्ये, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून बाया-माणसं, आणि तो जिकडे वळेल तिकडे सगळं रिंगण वळणार. सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर हे वाद्य उभं राहतं. वाजवणारा श्वास तोडत नाही. गाल फुगवून तोंडातली हवा आत ढकलत असतानाच तो नाकानं नवी हवा घेतो, त्यामुळे सूर रात्रभर अखंड चालू शकतो. त्यानं चाल बदलली की पावलं बदलतात. पण चाल तो मनाला येईल तशी बदलत नाही. समोरचं रिंगण दमलं का, पोरं मागे पडली का, कोणाला चेव चढलाय, हे सगळं त्याला दिसत असतं. नाचणारे वाद्याकडे बघतात आणि वाद्यही नाचणाऱ्यांकडे बघतं.

आता नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल, पेठ, सुरगाण्याकडच्या लग्नात बघा. टेम्पोवर रचलेले डीजेचे बॉक्स पुढे, माणसं मागे. गाणं पेनड्राइव्हवर आधीच भरून आणलेलं. की-बोर्डवर पावरीचा, म्हणजे तारप्यासारख्याच एका वाद्याचा, सूर बसवलेला असतो, खाली ढोलाचा ठोका, आणि तो ठोका कोणी दमलं तरी थांबत नाही. रिंगण मोडून त्याची मिरवणूक झाली आहे. आवाजाचं प्रदूषण वगैरे लोक बोलतात, तेही खरं आहे, छातीत धडधडतं. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की नाचणाऱ्यांकडे बघणारं वाद्य गेलं आणि न बघणारं आलं.

आज मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ती माणसं नाशिककरांना अनोळखी नसावीत, तरी बऱ्याच जणांना ती अनोळखीच आहेत. 2011च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाखांच्या घरात होती आणि त्यात दर चार माणसांमागे एक आदिवासी होता. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत तर दहातले नऊ. शहरातल्या माणसाला ही माणसं दिसतात ती मजूर नाक्यावर, द्राक्षाच्या बागेत, इमारतीच्या पायाडावर. आणि वर्षातून एकदा, 9 ऑगस्टला, मिरवणुकीत.

या 9 ऑगस्टबद्दल थोडं बोलायला हवं. 1982 साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी लोकांसंबंधीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, म्हणून 1994च्या डिसेंबरात हा दिवस जाहीर झाला. आपल्याकडे तो आता जोरात साजरा होतो, आणि तरुण मुलामुलींना त्यातून जी ताठ मान मिळते तिचं मोल मी कमी लेखणार नाही. पण गंमत बघा. ऑगस्टमध्ये आपल्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, नुकती उरकलेली असते. तारपा निघायचा तो पुढे, नवा भात आला की, दिवाळीच्या सुमाराला. आढ्याला टांगून ठेवलेलं वाद्य तोवर खाली घ्यायचं नाही, असं जुनी माणसं पाळत आली. म्हणजे स्टेजवर पाच मिनिटांचा तारपा वाजतो तेव्हा शेतात कणीस भरलेलंही नसतं. यात कोणी पाप केलं असं नाही. मात्र वाद्याला महिना होता, तो सुटला.

आणि हे मोबाइलनं सुरू केलं असं म्हणून आपण हात झटकू नये. आधी रेडिओनंच हे केलं. आदिवासी गीतं म्हणून आम्ही रेडिओवाल्यांनी पेरणीची गाणी हिवाळ्यात लावली, लग्नाची आषाढात लावली, आणि गाणाऱ्या बाईचं नाव सांगायच्या आत बाजारभाव सुरू केले. ध्वनिमुद्रण म्हणजे आवाज त्याच्या वेळेपासून आणि माणसापासून अलग करणं. मोबाइलनं ते काम प्रत्येकाच्या खिशात नेऊन ठेवलं, इतकंच.

डोंगऱ्यादेवाचं उदाहरण घेतो, कारण तिथे हे सगळं एकाच ठिकाणी येऊन अडतं. कळवण, सुरगाणा, दिंडोरी, बागलाण या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव बसतो. ज्यांनी व्रत घेतलं ते माऊल्या होतात. घर सोडायचं, उपास पाळायचा, गावोगाव नाचत जायचं, लोक सुपात धान्य आणून घालणार. शेवटी पौर्णिमेच्या सुमाराला डोंगराच्या पायथ्याशी जागरण. या सगळ्यात पावरी वाजते. तारप्याच्याच कुळातलं हे वाद्य, त्याला मोरपिसं लावून सजवलेलं. पावरकर वाजवतो, भगत देवांची नावं घेत जातो, माऊल्यांच्या अंगात वारं येतं. हे सादरीकरण नव्हे, बघणाऱ्यासाठी त्यात जागा ठेवलेलीच नाही.

आता मार्गशीर्ष म्हणजे काय? नोव्हेंबर-डिसेंबर. आणि नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांचे दिवस. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, मग फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, थिनिंग म्हणजे घड विरळ करणं, ही सगळी हातानं करायची आणि ठरलेल्या दिवसांत उरकायचीच कामं. बागाईतदार दोन दिवस थांबू शकत नाही, घड त्याच्यासाठी थांबत नाहीत. दिवाळी झाली की सुरगाणा-पेठची कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरतात, ती या कामांवर. म्हणजे डोंगऱ्यादेव वर आणि माणसं खाली. पूर्वी सुट्टी घेऊन जायचं तर नाक्यावरची जागा जायची. आता मुकादमाला फोन लागतो, टोळी फोनवरच ठरते, कोण कधी येणार हे दोन्हीकडून कळतं. दोन दिवसांसाठी घरी जाऊन परत कामावर येणं जमू लागलं आहे, हे मी बागांमध्ये बघितलं आहे. ज्यांना तेही जमत नाही ते रात्री शेडमध्ये व्हिडिओ कॉल लावून बसतात. वर कोणीतरी हातात फोन धरून उभा असतो, खाली चुलीपाशी सगळं घर त्या चार बोटांच्या काचेत देव बघतं. पावरी चिरकी ऐकू येते, मधेच रेंज जाते.

कोणी म्हणेल, ही काय भक्ती? मी म्हणतो, ज्यानं बागेत दिवसभर मान वर करून घड विरळले त्याला हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याच वेळी तोच व्हिडिओ, अंगात आलेल्या माऊलीचा, कोणीतरी तिसराच उचलतो, वर हसरी चित्रं चिकटवतो, 'अंधश्रद्धा बघा' असं लिहून चढवतो. घरच्या माणसानं घरच्या माणसासाठी दाखवलेली गोष्ट चव्हाट्यावर येते. दोन्ही कामं एकाच फोननं केली.

भाषेच्या बाबतीत मात्र या फोननं माझा अंदाज उलटा पाडला. एसएमएसचे दिवस होते तेव्हा लिहिता आलं तरच बोलता येई, आणि लिहायची ती शाळेतली मराठी. कोकणी बोली, म्हणजे कोकणा लोकांची, किनाऱ्यावरची नव्हे, ती घरातच राहायची. मास्तरांसमोर ती बोलायची पोरांना लाज वाटायची, वाटायला लावली जायची. व्हॉइस मेसेज आला आणि लिपीची अटच गेली. बटण दाबायचं आणि घरच्या बोलीत बोलायचं. ज्या समाजाची सगळी विद्या तोंडी, त्यांना हे यंत्र आपसूक मानवलं. आता त्या बोलीत विनोदी व्हिडिओ निघतात, गाणी निघतात, सुरगाण्यातला पोरगा आणि गुजरातच्या डांगमधला पोरगा एकमेकांची टिंगल करतात. राज्याची सीमा मधे आहे हे त्यांना जाणवतही नाही. शाळेनं जी भाषा दाराबाहेर ठेवली तिला फोननं ओसरी दिली.

2018च्या मार्चमध्येही फोनची ताकद दिसली. 6 तारखेला नाशिकहून शेतकरी-आदिवासींचा मोर्चा निघाला, वनजमिनीचे हक्क हा त्यांचा एक मुख्य मुद्दा. 12 तारखेला ते मुंबईत आझाद मैदानात होते. सोललेल्या तळपायांचे फोटो फोनवरून फिरले आणि मुंबईतली माणसं पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आली. अशी दाद सुरगाण्याला त्याआधी कधी मिळाली होती?

बोहाड्याचं थोडक्यात सांगतो. होळीनंतर गावोगाव रात्रीचे बोहाडे लागतात. गणपती, शारदा, नरसिंह, वेताळ, रावण, शेवटाकडे देवी आणि महिषासुर अशी सोंगं संबळ-पिपाणीच्या तालावर गल्लीभर नाचत जातात. कोणतं सोंग कोणत्या घरानं घ्यायचं हा पिढीजात मान असतो. हे मुखवटे टेंभ्याच्या उजेडासाठी रंगवलेले. ज्योत हलली की रावणाचे डोळे हलत. आता एलईडीचे फोकस लागतात आणि मुखवटा सपाट दिसतो, कागदाच्या लगद्यावरचे ब्रशचे फटकारेही मोजता येतात. शिवाय सोंग दर दहा पावलांवर सेल्फीसाठी अडवलं जातं, आणि संबळवाला बिचारा तोच ठेका धरून उभा. पण याच गावांत मुंबई-नाशिकला गेलेली पोरं ग्रुपवर वर्गणी गोळा करतात म्हणून बोहाडा बंद पडायचा वाचला, असंही झालं आहे.

मग करायचं काय? फोन नको म्हणणं हा नागरी माणसाचा शौक आहे. आदिवासींनी मशाली लावाव्यात आणि आम्ही वातानुकूलित खोलीत त्याचे माहितीपट बघावेत, असा. मला जगातल्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

1890 साली अमेरिकेच्या मेन प्रांतात फ्यूक्स नावाच्या संशोधकानं पासामाक्वोडी या मूलनिवासी लोकांची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या. क्षेत्रावर जाऊन केलेलं हे जगातलं पहिलं ध्वनिमुद्रण मानतात. पुढे ती नळकांडी संग्रहात गेली आणि ज्यांचा आवाज त्यांच्या हाती प्रती पोचायला नव्वदएक वर्षं लागली. आता त्या लोकांनीच ती ऐकून, शब्द लावून, काय सगळ्या जगानं ऐकायचं आणि काय घरातच ठेवायचं ते ठरवलं आहे. त्यासाठी ते 'मुकुर्तू' नावाची संगणकप्रणाली वापरतात. ती ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांच्या गरजेतून निघाली. त्यांच्याकडे काही गोष्टी फक्त बायकांनी बघायच्या, काही फक्त ठरावीक कुळानं, आणि मेलेल्या माणसाचं चित्र तर जपूनच. तो सगळा रिवाज त्या प्रणालीत घालता येतो. म्हणजे ज्याला आपण मान आणि सोवळं म्हणतो, ते यंत्राला शिकवता येतं. यंत्र बनवणाऱ्याला ते विचारावंसं वाटलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. न्यूझीलंडमध्ये ते हिकू मीडिया हे माओरी लोकांचं रेडिओ केंद्र आहे. 2018 साली त्यांनी लोकांना आवाहन करून 10 दिवसांत 300 तासांहून अधिक माओरी बोलणं गोळा केलं आणि त्यावर संगणकाला माओरी ऐकायला शिकवलं. मोठ्या कंपन्या तो साठा मागू लागल्या, तेव्हा त्यांनी तो दिला नाही. हे आवाज आमच्या आजी-आजोबांचे, त्यांचे राखणदार आम्हीच, अशी त्यांची भूमिका. वाक्यं बोलून देणाऱ्यांचा विश्वास त्यांनी पैशापेक्षा मोठा मानला.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996चा पेसा कायदा आहे. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा समर्थ आहे. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, इतर काही तालुक्यांचा भागही. पेसा म्हटलं की आपल्याला वाळू, बांबू, तेंदूपत्ता, दारूचं दुकान एवढंच आठवतं. पण डोंगऱ्यादेव बसतो त्या खळीत कॅमेरा कुठवर आणायचा, बोहाड्याचं चित्रण करणाऱ्यानं कोणाला विचारायचं, त्यातून पैसे आले तर मुखवटा रंगवणाऱ्याला, संबळवाल्याला त्यातलं काय, हेही त्याच ग्रामसभेत ठरू शकतं. एका पानाचा ठराव पुरतो. आणि ठरवताना तरुण पोरांना खाली बसवू नका. फोन त्यांच्या हातात आहे आणि तारपकरी म्हातारा झाला आहे. वाजवताना श्वास कसा घ्यायचा हे त्याच्याकडून कोणीतरी जवळ बसून शिकेल, आणि तेव्हा फोननं गालांचं चित्रण केलं तर बिघडत नाही, कारण ते परत परत बघून शिकता येतं. तारप्याच्या महिन्यात शिकवणी आणि बाकी वर्षभर फोनवर उजळणी, असं एखाद्या गावानं करून बघायला काय हरकत आहे?

आणि नाशिकच्या श्रोत्यांना एक विनंती. येत्या मार्गशीर्षात कळवणकडे गेलात आणि रस्त्यात माऊल्यांचा मेळा भेटला, तर गाडी बाजूला घ्या, सुपात पसाभर धान्य घाला. फोटो हवा असेल तर आधी भगताला विचारा. तो नाही म्हणाला तर नाही.

नमस्कार.